वरची बाग, खालचं पाणी

आमच्या द्राक्षबागेच्या मधून कुंपण घालायला माणसं आली, त्या शनिवारी मी तिथेच होते. छाटणीला गेले होते. ऑस्ट्रेलियातली जुलैची थंडी, हातमोज्यांतूनही बोटं बधिर होत होती. खालच्या अंगाला शेडजवळ पांढऱ्या द्राक्षांच्या थोड्या ओळी होत्या, तिकडे मी कात्री घेऊन निघाले, तर धाकटा भाऊ मागून म्हणाला, "ताई, तिकडे नको जाऊस. ते आता दादाचं आहे."

त्या ओळी मी लावल्या होत्या. रोपं आणण्यापासून तारेवर वेल बांधण्यापर्यंत सगळं मी केलं होतं. मी म्हटलं, "मग दादा येणार आहे का छाटायला?"

कुंपणवाल्यांनी जमिनीत लोखंडी खांब ठोकायला सुरुवात केली होती. मी कात्री गाडीत टाकली आणि घरी निघाले. मी राहते ते टूवूंबा तिथून दोन तासांवर आहे. अख्खा रस्ता मी एकटीच मोठमोठ्याने बोलत होते.

आम्ही तीन भावंडं. मी मधली. टूवूंबाच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. दादा सिडनीला केलीव्हिलमध्ये राहतो, आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे. धाकटा इंजिनिअर. तो इकडे सगळ्यात शेवटी आला, काही वर्षं सिडनीतच ब्लॅकटाउनला भाड्याने राहिला, आणि नोकरीत त्याचं मन कधीच लागलं नाही. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले.

बाबांची नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग होती. म्हणजे बाबांची आणि काकांची मिळून. मी शाळेत जायला लागायच्या आधीच तिची वाटणी झाली. पुढे काही वर्षांत बाबांनी त्यांचा हिस्सा विकला आणि नाशकात खतं-औषधांचं दुकान टाकलं. वेलीवरच्या रोगांना, भुरीला, डावणीला काय मारायचं, हे ते सगळ्या तालुक्याला सांगायचे, पण स्वतःची वेल त्यांनी पुन्हा लावली नाही. काकांच्या घरी आम्ही लग्नकार्याला जायचो, जेवायचो, परत यायचो. दोघे भाऊ शेजारी बसायचे आणि पावसाबद्दल बोलायचे.

मी बाबांना कितीतरी वेळा विचारलं असेल, "काकांशी भांडण कशावरून झालं?"

बाबांचं उत्तर ठरलेलं. "भांडण नाही झालं."

मला वाटायचं, टाळतायत.

ऑस्ट्रेलियातली बाग ही दादाची कल्पना. तो आणि वहिनी मित्रमंडळींबरोबर युरोपची टूर करून आले. त्यात फ्रान्समध्ये बोर्दोला, द्राक्षांच्या मुलखात, दोन दिवस होते. त्या ख्रिसमसच्या सुट्टीत सगळे माझ्याकडे जमले होते, तेव्हा दादाने जेवताना एका इस्टेटीची गोष्ट सांगितली. बाप गेला आणि दोन भावांनी वाटणी केली. मधून रस्ता. एका बाजूला एक फाटक, समोर दुसरं. दोन्हीकडच्या बाटल्यांवर आडनाव एकच. आता पणतवंडं नांदतात, पण म्हणे एकमेकांना 'बोंझूर'सुद्धा करत नाहीत. दादाने नाक वर करून त्यांची नक्कल केली, आम्ही हसून हसून बेजार.

मग तो म्हणाला, "पण काय बाग होती! आपलंही असं काहीतरी पाहिजे यार. म्हणजे ते भांडण सोडून."

धाकटा हसता हसता थांबला. तो म्हणाला, "दादा, तू सिरियस असशील तर मी नोकरी सोडतो."

आणि खरंच सोडली. टूवूंबाच्या दक्षिणेला, उंचावर, स्टॅन्थॉर्पच्या बाजूला द्राक्षं चांगली होतात. तिथे एका म्हाताऱ्या इटालियन जोडप्याची बाग विकायला निघाली होती. मोठमोठे दगड, मध्ये उतार, उतारावर जुन्या लाल द्राक्षांच्या ओळी आणि वर लाकडी घर. खाली रस्त्याला लागून शेड, त्यात वाइनच्या टाक्या, आणि शेडच्या मागे डॅम. इथे डॅम म्हणतात, म्हणजे आपलं शेततळं. त्यातलं पाणी पंपाने पाइपातून वर चढवायचं आणि ठिबकने वेलींना द्यायचं. म्हातारा आम्हाला फिरवून दाखवताना सारखा डॅमपाशीच थांबत होता.

कागदावर नावं दोघा भावांची लागली. मी विचारलं, "आणि मी?"

दादा म्हणाला, "अगं, तू आहेसच की जवळ."

त्या 'जवळ'चा अर्थ मला पुढे कळला. पक्ष्यांपासून राखायला जाळ्या टाकायच्या असल्या की धाकट्याचा फोन मला. सप्टेंबरात कोंब फुटल्यावर दव गोठायची भीती असली की फोन मला. छाटणी, बांधणी, तोडणी, सगळ्याला मी. नवरा म्हणायचा, "तुझी नसलेली बाग कशी आहे?" पण मला ते काम आवडत होतं, हेही खरं. नाशिकला वर्षात दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. इथे थंडीत एकदाच. बाबांना याचं फार नवल वाटायचं. "वेल इतकी झोपते?" असं ते दर वर्षी विचारायचे.

पहिली काही वर्षं चांगली गेली. बिघडलं ते एका तोडणीच्या वीकएंडला. दादा न कळवता सिडनीहून मित्रांच्या दोन-तीन कुटुंबांना घेऊन आला. मुलं ओळींमधून पळाली, एका ठिकाणी जाळी फाटली आणि पक्षी आत शिरले. धाकटा पहाटेपासून राबत होता. तो एवढंच म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी कळवून ये."

दादा म्हणाला, "माझ्याच जागेत कळवून येऊ?"

बास. आवाज चढला नाही, कोणी ताटावरून उठलं नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून बार्बेक्यूसुद्धा केलं. पण त्यानंतर दादाचे फोन धाकट्याऐवजी मला यायला लागले. त्याला खाली लग्नसमारंभांसाठी जागा करायची होती. शेड, डॅमचं पाणी, मागे डोंगर, फोटो सुंदर येतील. धाकट्याला द्राक्षांशिवाय काही नको होतं. एक मला सांगायचा, दुसरा मला सांगायचा, आणि मी हॉस्पिटलच्या लंच-ब्रेकमध्ये गार सँडविच हातात धरून ऐकायचे.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "वेळेत वाटून घ्या. म्हणजे गोडी तरी राहील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनीसुद्धा. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही काहीतरी बोला. तुमच्या बागेचं काय झालं ते सांगा त्यांना."

"त्यांचं ते ठरवतील," बाबा म्हणाले. "मोठे झालेत."

वर धाकट्याचं, खाली दादाचं, असं ठरलं. वेली आणि घर वर राहिलं, शेड, रस्ता आणि डॅम खाली. मी विचारलं, "आणि पाण्याचं काय?"

दादा म्हणाला, "पाणी काय, दोघांचंच आहे. पाइप आहे तसाच राहील. नो वरीज."

"नो वरीज," धाकटाही म्हणाला.

मी म्हटलं, "लिहून घ्या." दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच भांडण लावतेय.

कुंपण झाल्यावर वर्षभरात दादाने खालची जागा एका माणसाला भाड्याने दिली. लग्नांचा धंदा करणारा माणूस, बोलायला गोड. त्याने शेड रंगवली, दिवे लावले, डॅमच्या काठाला लाकडी धक्का बांधला. आणि माझ्या त्या पांढऱ्या द्राक्षांच्या ओळी उपटून तिथे गाड्या लावायला जागा केली. दादाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'नीट दिसतंय ना?' मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. नवरा म्हणाला, "सोड ना." मला सोडता आलं असतं तर काय हवं होतं.

इथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, पण त्या उन्हाळ्यात तो आलाच नाही. डॅमची पातळी खाली जायला लागली. फोटोंत चिखल दिसतो म्हणून त्या माणसाने पंप बंद ठेवायला सुरुवात केली. आठवड्यातून कधी एकदा सोडायचा, कधी तेही नाही. त्याचं म्हणणं, त्याच्या करारात वरच्या बागेला पाणी द्यायचं कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते खरंच होतं.

मी दादाला फोन केला. "अरे, वेली वाळतायत."

"मी पाणी नाही म्हटलंय का?" दादा म्हणाला. "त्याने मला एक फोन करावा. मी लगेच त्या माणसाशी बोलतो."

"मी सांगतेय ना तुला."

"तू नको सांगूस गं. त्याची बाग आहे, त्याने बोलावं. इतकं काय आहे?"

मग धाकट्याला फोन. "दादाला फोन कर."

"मी का करू? त्याला दिसत नाही, पाऊस नाही ते?"

"त्याला केलीव्हिलहून कसं दिसणार?"

"ताई, पाणी दोघांचं आहे असं तोच म्हणाला होता. आता मी ते मागू? भीक मागितल्यासारखं?"

मी फोन ठेवला आणि किचनच्या ओट्यावर पालथी मूठ आपटली. मुलीने खोलीतून डोकावून विचारलं, "यू ओके, मम?" मी म्हटलं, "हो." मग मीच दादाला परत फोन केला, मग त्या भाडेकरूला, मग परत धाकट्याला. भाडेकरू फोनवर फार छान बोलला. आपण नक्की बघू म्हणाला. काही बघितलं नाही.

जानेवारीच्या शेवटी मी बाबांना घेऊन गेले. कुंपण झाल्यापासून ते आले नव्हते. गुडघ्यांमुळे त्यांना उतारावर चालवत नाही, म्हणून मी गाडी ओळींच्या टोकापर्यंत नेली. ते उतरले, पहिल्या वेलीशी गेले. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. घडातले मणी लहानच राहिले होते, काही सुरकुतलेले. बाबांनी एक मणी दाबून पाहिला, पान उलटं करून पाहिलं. मग खाली नजर टाकली. डॅममध्ये पाणी होतं. कमी होतं, पण होतं. लाकडी धक्क्यावर कोणीतरी पांढऱ्या खुर्च्या मांडत होतं.

"पाणी बंद का?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

"त्या माणसाने पंप बंद ठेवलाय."

"दादाला सांगितलंस?"

धाकट्याने तोंड फिरवलं. आम्ही घराच्या व्हरांड्यात बसलो. मी चहा केला. धाकटा कुठूनसा प्लास्टिकचा ड्रम आणायला गेला, म्हणजे गाडीतून पाणी आणून थोड्या वेलींना तरी घालता येईल. बाबांनी अर्धा चहा घेतला आणि सहज, बाजारभाव सांगावा तसं म्हणाले, "आमच्यातही असंच झालं होतं."

मी कप खाली ठेवला.

त्यांनी सांगितलं ते असं. भांडण नव्हतंच. दोन सुना घरात आल्या, पोरं झाली, म्हणून आजोबांच्या मेव्हण्याने सुचवलं, की पुढे भांडण होऊ नये म्हणून आताच वाटणी करा. सगळ्यांना पटलं. बाग उभी निम्मी केली. विहीर एकच, म्हणून पाण्याच्या पाळ्या लावल्या, एक दिवस काकांचा, एक दिवस बाबांचा. पंप विजेवर चालायचा आणि वीज यायची तेव्हा यायची. एका उन्हाळ्यात असं व्हायला लागलं की बाबांच्या पाळीला नेमकी वीज जायची. ती पाळी वाया. दुसऱ्या दिवशी वीज यायची, पण तो दिवस काकांचा.

"मग तुम्ही काकांना म्हणायचं ना, की आज मला द्या."

"त्याला दिसत होतं की. तो बांधावरच उभा असायचा."

"काका काय म्हणाले?"

"काही नाही. त्याला वाटत होतं मी मागेन. मागितलं असतं तर दिलंच असतं त्याने. हे मला पुढे तुझ्या काकूकडून कळलं. खूप वर्षांनी."

"आणि बाग?"

"दोन उन्हाळे तसेच गेले. मग मी विकली."

मी एकदम उसळले. "बाबा, मी इतकी वर्षं विचारतेय! हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? वाटणी करायच्या आधी सांगितलं असतंत तर?"

"तू भांडण कशावरून झालं ते विचारायचीस," बाबा म्हणाले. "भांडण झालंच नव्हतं. मी काय सांगू?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी व्हरांड्यातून उठून पायऱ्यांपर्यंत गेले, परत आले. रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं, चिडचिडीचं होतं. मी माझा फोन काढला, दादाला लावला आणि बाबांच्या हातात दिला. म्हटलं, "हे सगळं त्याला सांगा. आत्ता. जसं मला सांगितलंत तसं."

बाबांनी फोन कानाला लावला. "हॅलो? हां, मीच. कसा आहेस? जेवलास?" मग थोडं ऐकलं. "इकडे फार ऊन. तिकडे? बरं. बरं. पोरं काय म्हणतात? हो, ताईबरोबर आलोय. बरं, ठेवतो."

आणि फोन मला परत दिला.

"बाबा!"

"अगं, तो मीटिंगमध्ये होता."

मी गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि दादाला परत फोन लावला. मीटिंग असो की काही असो. विहीर, पाळ्या, वीज, बांधावर उभे काका, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. मग म्हणाला, "मला हे माहीतच नव्हतं."

"मलाही नव्हतं."

"पण अगं, ते तिकडचं, तेव्हाचं. इथे माझं त्या माणसाशी लीगल अ‍ॅग्रीमेंट आहे. आणि वाटणी म्हणजे दर वेळी वाईटच होतं असं नाही ना. ते फ्रान्सवाले बघ. वाटणी झाली, आज दोघांचीही वाइन जगभर जाते."

"त्यांच्याकडे पाऊस पडतो, दादा!" मी ओरडले. "तिथे कोणाचा डॅम कोणाकडे आहे याने काही अडत नाही! आणि तूच सांगितलंस ना, पणतवंडं बोलत नाहीत म्हणून? त्यावर आपण हसलो होतो ना?"

तो म्हणाला, "बरं. मी बोलतो त्याच्याशी."

तो बोलला. पंप आठवड्यातले काही दिवस सुरू झाला. पण उशीर झाला होता. मणी भरायचे दिवस निघून गेले होते. आणि फेब्रुवारीच्या मध्यावर, अगदी तोडणी तोंडावर आलेली असताना, जो पाऊस महिनोन्‌महिने आला नव्हता तो सलग आठवडाभर पडला. सुरकुतलेले मणी पाणी पिऊन फुटले, घडांना बुरशी लागली. मी आणि धाकट्याने रेनकोट घालून जे धड होतं ते तोडलं. टाक्या दादाच्या शेडमध्ये होत्या आणि शेडमध्ये त्या शनिवारी लग्न होतं. आम्ही क्रेट घेऊन व्हरांड्यात उभे, खालून गाण्यांचा आवाज. शेवटी धाकट्याने ती द्राक्षं शेजारच्या बागवाल्याला देऊन टाकली.

डॅम मात्र काठोकाठ भरला. फोटो चांगले आले असणार.

त्यानंतर धाकट्याने टूवूंबात नोकरी धरली. आठवडाभर आमच्या मागच्या खोलीत राहतो, शुक्रवारी संध्याकाळी वर जातो. शेजाऱ्याशी त्याने सौदा केलाय. शेजारी त्याच्या स्वतःच्या डॅममधून पाणी देतो आणि बदल्यात निम्मी द्राक्षं नेतो. म्हणजे परक्या माणसाकडे पाणी मागता आलं. भावाकडे नाही.

गेल्या महिन्यात बाबांच्या वाढदिवसाला दादा आणि वहिनी आले. मी कढी, मसालेभात, मटकीची उसळ केली होती. दोघे भाऊ समोरासमोर बसले आणि क्रिकेटबद्दल बोलत राहिले. ऑस्ट्रेलियाची बॉलिंग, भारताची बॅटिंग. मी वाढत होते, आणि अचानक मला ते सहन होईना. मी वाडगा टेबलावर ठेवला.

"दादा, त्याने मागितलं असतं तर तू पाणी दिलं असतंस?"

"ऑफ कोर्स. हा काय प्रश्न आहे?"

मी धाकट्याकडे वळले. "आणि दादाने न मागता दिलं असतं तर तू घेतलं असतंस?"

"घेतलंच असतं ना."

"मग?" मी म्हटलं. "मग आता बोला."

दादा भात कालवत राहिला. धाकट्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. वहिनी म्हणाल्या, "अहो, झालं ते झालं. आजच्या दिवशी कशाला?" मी बाबांकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता तरी.

बाबा म्हणाले, "कढी थोडी गरम करतेस का?"

मी कढी गरम केली. दुसरं काय करणार. मी परत आले तोवर दोघे भाऊ बाहेर गेले होते. धाकट्याने जुनी यूट, म्हणजे इथली पिकअप गाडी, घेतली आहे, तिच्यातून काहीतरी खडखड आवाज येतो म्हणे. खिडकीतून दिसत होतं, बॉनेट उघडलेलं, दोघांची डोकी आत, दादाच्या चांगल्या शर्टाला ग्रीस लागलेलं. धाकटा काहीतरी दाखवत होता आणि दादा मान हलवत होता.

मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "सो दे आर फाइन नाउ?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तासाभराने ते हात धुवायला आत आले. मी दादाला टॉवेल दिला आणि हळूच विचारलं, "पाइपचं बोललास?"

"कुठला पाइप?" तो म्हणाला. "अगं, फॅन बेल्ट होता."